रात्र झाली हे सांगणारी ग्रंथी आणि आपलं पोट

हॅमस्टर म्हणजे उंदरासारखा छोटा गुबगुबीत प्राणी. त्यातला सायबेरियन हॅमस्टर दिवस लहान व्हायला लागले की चक्क बारीक होतो, समोर भरपूर खाणं ठेवलं तरी कमी खातो आणि वजन उतरवतो. त्याचाच भाऊबंद सीरियन हॅमस्टर, त्याला लॅबमध्ये तसेच लहान दिवस आणि लांब रात्री दिल्या तर तो उलटा जाड होतो! गंमत म्हणजे दोघांनाही "रात्र मोठी झाली बरं का" हा निरोप देणारं हॉर्मोन एकच, मेलाटोनिन, आणि ते सोडते पिनिअल ग्रंथी. हे आधीच सांगून टाकलं, कारण मेलाटोनिनने चरबी वितळते असं छातीठोकपणे सांगणारे लोक आजकाल फार झालेत. मेलाटोनिन फक्त रात्र झाली एवढंच सांगतं, त्यावर काय करायचं ते ज्याचं त्याचं शरीर ठरवतं.

ही ग्रंथी मेंदूच्या साधारण मधोमध असते, तांदळाच्या दाण्याएवढी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला वाटायचं आत्मा इथेच राहतो, आपल्याकडे तिला तिसरा डोळा म्हणतात. आता काही सरड्यांच्या टाळूवर खरंच उजेड ओळखणारा अवयव असतो आणि तो पिनिअलचा नातेवाईक आहे, त्यामुळे तिसरा डोळा अगदीच हवेतली गोष्ट नाही, पण माणसाची पिनिअल स्वतः काही बघत नाही. ती कवटीत अंधारात बसलेली, उजेडाची बातमी तिला डोळ्याच्या पडद्याकडून मेंदूतल्या मुख्य घड्याळामार्फत (म्हणजे शरीराची दिवस-रात्रीची वेळ सांभाळणाऱ्या भागामार्फत) येते, तीही सरळ नाही, आधी पाठीच्या कण्यात उतरून मग मानेतून परत वर. डोळ्यावर उजेड पडला, त्यातही निळसर, की मेलाटोनिन दबतं. अंधार झाला की वाढतं. हे हॉर्मोन 1958 साली येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी गाईगुरांच्या पिनिअलमधून वेगळं काढलं आणि ते त्वचारोगतज्ज्ञ होते, शोधत होते कातडीचा रंग बदलणारा पदार्थ! झोप, वजन वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग लठ्ठपणाचा संबंध कुठे आला? उंदरांची पिनिअल काढून टाकली की त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, वजन वाढायला लागतं. मध्यमवयीन उंदरांना पिण्याच्या पाण्यातून मेलाटोनिन दिलं तर पोटातली चरबी कमी झाली. इथपर्यंत वाचून वाटतं की झालं, मेलाटोनिन जास्त म्हणजे वजन कमी.

पण स्पेनमध्ये 845 लोकांवर एक प्रयोग झाला. प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या संध्याकाळी ग्लुकोजचं पाणी दिलं, एकदा झोपायच्या चार तास आधी आणि एकदा फक्त एक तास आधी. उशिराच्या वेळी रक्तात मेलाटोनिन साडेतीन पट होतं, आणि तेव्हाच इन्सुलिन कमी सुटलं, साखर जास्त चढली. कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरही मेलाटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणारे भाग, असतात आणि निरोप आला की त्या आवरतं घेतात. त्यांचं काय चुकलं? रात्री माणूस जेवणार नाही असंच त्या धरून चालतात. त्या रिसेप्टरच्या जीनचा एक प्रकार काहींच्यात असतो, त्यांच्यात हा परिणाम आणखी जास्त दिसला.

म्हणजे तेच हॉर्मोन, रिकाम्या पोटी रात्री आलं तर बरं, भरल्या ताटावर आलं तर पंचाईत. मुंबईत सातची लोकल पकडून घरी येऊन साडेदहाला ताट घेणारे आपण सगळे (मी पण त्यातच) नेमकं ते ताटावर आणतो. दिवेलागणीच्या आत जेवणाऱ्या जैन शेजाऱ्यांना आम्ही लहानपणी हसायचो ते आता आठवतं.

उजेडाचं पण तसंच. अमेरिकेत 43,722 बायकांची माहिती तपासली तेव्हा दिसलं की खोलीत टीव्ही किंवा दिवा चालू ठेवून झोपणाऱ्यांचं पुढच्या पाचेक वर्षांत 5 किलो किंवा जास्त वजन वाढायची शक्यता साधारण 17 टक्क्यांनी जास्त होती. आता टीव्हीसमोर झोपणाऱ्यांच्या बाकी सवयीही वेगळ्या असणार, त्यामुळे सगळं खापर दिव्यावर फोडता येत नाही. शिवाय लॅबमध्ये नेहमी वापरतात त्या उंदरांच्या काही जाती मेलाटोनिन जवळजवळ बनवतच नाहीत, तरी रात्री मंद उजेड ठेवला की उंदीर भलत्या वेळी खातात आणि जाड होतात, म्हणजे उजेड पिनिअलला वळसा घालूनही काम करतो.

आणि गोळ्यांचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये पाळी गेलेल्या 81 बायकांवर वर्षभर चाचणी झाली, काहींना रोज रात्री 1 किंवा 3 मिलिग्रॅम मेलाटोनिन, बाकीच्यांना नुसती खोटी गोळी. मेलाटोनिनवाल्यांच्या अंगातली चरबी जवळपास 7 टक्क्यांनी कमी झाली. वजनकाट्यावर मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही.