टाइप वन मधुमेह असलेल्या मुलासाठी मदत: कुठे मागायची, कोण पात्र, कोणती कागदपत्रं लागतात

सर्वांत आधी एक गोष्ट. अर्ज मंजूर होईपर्यंत इन्सुलिन थांबवायचं नाही आणि पुरवून पुरवून कमीही द्यायचं नाही. टाइप वन मधुमेहात मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. गोळ्या, पथ्य किंवा कुणी सांगितलेला काढा त्याची जागा घेऊ शकत नाही. डोस चुकत गेले तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठू लागतं, उलट्या आणि जोराचा श्वास सुरू होतो आणि मूल अतिदक्षता विभागात पोहोचतं. म्हणून आजचं इन्सुलिन आणि पुढच्या वर्षांची मदत ही दोन वेगळी कामं समजा. दोन्ही एकाच वेळी सुरू करा.

आजच्या इन्सुलिनसाठी जिल्हा रुग्णालय गाठा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तिथल्या असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत किंवा बालरोग विभागात मुलाच्या नावाचा केसपेपर काढा. औषधसाठा कधी असतो, कधी संपलेला असतो. त्यामुळे शेवटची बाटली उघडली की लगेच पुढची आणायला निघा, बाटली संपायची वाट पाहू नका.

मूल दाखल करावं लागलं तर दोन वाटा आहेत. पहिली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची कागदपत्रं पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, भेटा. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण असतं, पण ते यादीतल्या उपचारांसाठी दाखल झाल्यावरच. घरी रोज लागणारं इन्सुलिन त्यातून मिळत नाही, आणि पालकांची सर्वांत मोठी निराशा इथेच होते.

दुसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्था चालवतात त्या रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना घालून दिली. तिच्यानुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. खर्चासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर मूल निर्धन गटात बसतं आणि ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटकात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहून रुग्णालयाचे वैद्यकीय समाजसेवक पात्रता ठरवतात.

मूल अत्यवस्थ असेल तर हे सगळं नंतर. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करणं हे धर्मादाय रुग्णालयावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. काउंटरवर पैशांचा विषय निघाला तर शांतपणे सांगा, “आम्हाला निर्धन रुग्ण योजनेत अर्ज करायचा आहे, समाजसेवकांना बोलवा.” हे वाक्य पाठ करून ठेवा. घाबरलेल्या आईबापांना त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही. नकार मिळालाच तर तो लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सह आयुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

आता मुख्य प्रश्न, दर महिन्याचा खर्च. मोठा भार इथेच असतो आणि त्यासाठी विश्वस्त संस्थाच उपयोगी पडतात. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान, मुंबईतलं जुव्हेनाइल डायबेटिस फाउंडेशनचं महाराष्ट्र चॅप्टर, पुण्यातली हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्था या ठिकाणी टाइप वनच्या मुलांसाठी काम चालतं. ऑस्ट्रेलियातला लाइफ फॉर अ चाइल्ड हा उपक्रम थेट घरी काही पाठवत नाही. तो स्थानिक केंद्रांमार्फत इन्सुलिन आणि तपासणीचं साहित्य पुरवतो. तुमच्या जवळ यांपैकी काहीच नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात विचारा. मुलांच्या मधुमेहाची ओपीडी कुठे आहे आणि कोणत्या संस्थेकडे नावं पाठवतात, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

प्रत्येक संस्थेचे नियम वेगळे असले तरी विचारणा साधारण एकाच धर्तीची असते. निदान टाइप वनचं हवं, मूल ठरलेल्या वयाच्या आत हवं, घरची परिस्थिती कागदावर दिसायला हवी आणि नियमित तपासणीला यायची तयारी हवी. शेवटची अट जाचक वाटू शकते, पण ती मुलाच्या भल्याची आहे. नुसती बाटली हातात देऊन भागत नाही. डोस वजनाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलत राहतो. वयात येताना तर झपाट्याने वाढतो.

अर्जात सर्वांत वजनदार कागद डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात नुसतं ‘मधुमेह’ लिहिलेलं असेल तर अर्ज अडकतो. ‘टाइप वन मधुमेह, आयुष्यभर इन्सुलिन आवश्यक’ असं स्पष्ट लिहून घ्या. निदानाची तारीख, मुलाचं वजन, इन्सुलिनचं नाव आणि रोजचे युनिट, दिवसातून किती वेळा शुगर तपासायची, हेही त्यात हवं. सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक तपासून घ्या. सोबत तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा एचबीएवनसी रिपोर्ट जोडा. मधुमेह टाइप वनच आहे का हे पाहणारी सी-पेप्टाइड किंवा अँटीबॉडीची तपासणी झाली असेल तर तो रिपोर्टही जोडा. दवाखान्यात दाखल केलं असेल तर डिस्चार्ज कार्ड.

शुगर तपासायच्या स्ट्रिप्सचा उल्लेख मुद्दाम करून घ्या. हिशेब करून बघा. ३० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण ३० युनिट लागतात असं धरलं तर महिन्याला ९०० युनिट होतात. चाळीस-युनिटची (एका मिलीत ४० युनिट) १० मिलीची बाटली ४०० युनिटची, म्हणजे महिन्याला दोन बाटल्यांहून थोडं जास्त. दिवसातून चार वेळा शुगर पाहायची तर १२० स्ट्रिप्स लागतात आणि अनेक घरांत इन्सुलिनपेक्षा त्यांचाच खर्च जड जातो. पैसे संपले की आधी तपासणी बंद होते आणि मग डोस अंदाजाने दिला जातो. म्हणून अर्जात ‘इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स’ असं पूर्ण लिहा.

बाकीची कागदपत्रं ओळखीची: मुलाचा जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, शिधापत्रिका, मुलाचे फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि शाळेचं बोनाफाइड. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल, शिधापत्रिका, आधार आणि स्वयंघोषणापत्र घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतू केंद्रात अर्ज करा. पगारदारांना फॉर्म १६ लागतो. एक वर्षाचा दाखला आर्थिक वर्षाबरोबर म्हणजे ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिलमध्येच नवा काढून ठेवा. दहावी-बारावीच्या निकालानंतर या केंद्रांवर उभं राहायलाही जागा नसते. मूळ कागद कुठेही जमा करू नका. झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवा.

वडील किंवा आई हयात नसेल, किंवा मूल एकल पालकाकडे असेल, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचाही अर्ज करा. त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो. ही मदत मधुमेहासाठी नाही, पण स्ट्रिप्सचा खर्च त्यातून भागू शकतो.

मदत सुरू झाल्यावर एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. संस्थेकडून मिळालेली बाटली आधीच्याच ताकदीची आहे का? आपल्याकडच्या बहुतेक बाटल्या चाळीस-युनिटच्या (लेबलवर ‘४० आययू’) आणि त्यांच्या सिरिंजचं टोपण लाल असतं. देणगीतून आलेली बाटली शंभर-युनिटची असू शकते, तिला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. शंभरची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने भरली तर त्याच खुणेला अडीचपट इन्सुलिन जातं आणि मुलाची शुगर जीवघेणी खाली येऊ शकते. बाटलीसोबत त्याच ताकदीची सिरिंज मागून घ्या आणि पहिला डोस नर्सला दाखवूनच भरा.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं लागतं. घरात फ्रिज नसेल तर अर्जात तसं लिहा. काही संस्था थोडा थोडा साठा देतात. ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं मडकं उन्हाळ्यात बरंच काम करतं.

शाळेलाही डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची एक प्रत द्या. सीबीएसईच्या परीक्षेत टाइप वनच्या मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी वर्गात नेता येतं, त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत आधी प्रमाणपत्र द्यावं लागतं. इतर मंडळांच्या शाळांतही परीक्षेच्या निदान महिनाभर आधी लेखी विनंती द्या आणि पोच घ्या.