सेव्ह केल्यावर मूळ मजकूर जातो कुठे?

मॅकवर स्क्रिप्ट एडिटर नावाचं एक छोटं ॲप आधीपासूनच असतं. ढीगभर फोटोंची नावं बदलणं, फायली फोल्डरवार लावणं अशी कंटाळवाणी कामं कॉम्प्युटरच्या गळ्यात घालायची तर त्यात ॲपलस्क्रिप्ट भाषेत चार ओळी लिहायच्या. ही भाषा १९९३ सालची. एडिटरचा फाइल मेनू उघडला तर न्यू, ओपन, सेव्ह, प्रिंट अशी नेहमीचीच मंडळी दिसतात. पण इथला सेव्ह नोटपॅडमधल्या सेव्हसारखा वागत नाही.

एक करून बघा. पहिल्या ओळीत 'टेल ॲप' आणि अवतरणात 'फाइंडर' (मॅकचं फायली दाखवणारं ॲप), दुसरीत 'ॲक्टिव्हेट', तिसरीत नुसतं 'एंड' लिहा (रोमन लिपीत, अर्थातच). मग हातोड्याचं बटण दाबा. 'ॲप'चं 'ॲप्लिकेशन' झालेलं असतं, 'एंड'च्या पुढे 'टेल' येऊन बसलेलं असतं आणि मधली ओळ आत सरकलेली असते. कोणी तुमचं शुद्धलेखन तपासलेलं नाही. कंपाइल होताना, म्हणजे मजकूर कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात बदलताना, तुमच्या ओळींचे संकेत बनले, आणि आता पडद्यावर दिसतोय तो त्या संकेतांवरून नव्याने जुळवलेला मजकूर. नेहमीच्या 'स्क्रिप्ट' प्रकारात सेव्ह केलं की फाइलमध्ये हे संकेतच जातात. टिपणं आणि तुम्ही दिलेली नावं तेवढी टिकतात, पण तुम्ही टाइप केलेली ओळ जशीच्या तशी कुठेच उरत नाही.

या रचनेमागे मोठी हौस होती. संकेत एकच असतील तर ते कोणत्याही भाषेत वाचून दाखवता येतील, असा विचार होता. सुरुवातीच्या काळात तेच स्क्रिप्ट इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा जपानीत उघडायची सोय खरोखरच होती. पुढे ती गुंडाळली गेली आणि इंग्रजी तेवढी राहिली. मराठीची पाळी काही आली नाही. मात्र मॅकच्या २००७ च्या 'लेपर्ड' आवृत्तीपासून अवतरणांतला मजकूर आणि टिपणं बिनधास्त देवनागरीत लिहिता येतात.

संकेतांचा अर्थ लावायला शब्दकोश हवा. मेनूतली 'ओपन डिक्शनरी' ही आज्ञा त्यासाठीच आहे, आणि माझ्या मते सगळ्या मेनूत सर्वांत उपयोगी हीच. प्रत्येक ॲप आपापले शब्द घेऊन येतं: मेलचे वेगळे, फाइंडरचे वेगळे. प्रत्येक शब्दामागे चार-चार अक्षरी संकेत असतात, जसा 'डॉक्युमेंट'साठी डी-ओ-सी-यू. ज्या ॲपसाठी स्क्रिप्ट लिहिलं ते दुसऱ्याच्या मॅकवर नसेल, तर फाइल उघडताना एडिटर आधी 'हे ॲप कुठे आहे?' असं विचारतो. ते सापडलंच नाही तर सरळ वाक्यांच्या जागी दुहेरी टोकेरी कंसातले ते कच्चे संकेत दिसू लागतात. नवशिक्याला वाटतं, फाइल बिघडली. फाइल ठणठणीत असते, फक्त शब्दकोश हरवलेला असतो.

म्हणूनच सेव्हच्या चौकटीतल्या 'फाइल फॉरमॅट'कडे लक्ष हवं. 'टेक्स्ट' निवडलं तर साधा मजकूर राहतो, तो कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतो; काम अर्धवट असेल तर हाच प्रकार बरा. 'ॲप्लिकेशन' निवडलं तर डबल-क्लिकने चालणारं ॲप तयार होतं. फाइल मेनूतल्या, फाइलची प्रत काढणाऱ्या 'डुप्लिकेट'बद्दल एवढंच सांगतो: मॅकच्या २०११ च्या 'लायन' आवृत्तीने 'सेव्ह ॲज' काढून ते आणलं, लोकांनी कुरकुर केली, आणि पुढच्याच वर्षी 'सेव्ह ॲज' ऑप्शन कीच्या आड परत आलं.

खरी जपून वापरायची गोष्ट 'एक्स्पोर्ट'मध्ये आहे: 'रन-ओन्ली'ची खूण. ती केली की संकेतांवरून पुन्हा मजकूर जुळवायला लागणारी माहितीच फाइलमधून काढली जाते. स्क्रिप्ट चालतं, पण एडिटरमध्ये उघडून बदलता येत नाही. आपलं स्क्रिप्ट दुसऱ्याला द्यायचंय पण दाखवायचं नाही, अशांसाठी ही सोय. चोरांनीही ती हेरली. मॅकवर गुपचूप क्रिप्टोचलन खणणारा 'ओएसएमायनर' हा व्हायरस रन-ओन्ली स्क्रिप्टांच्या आड वर्षानुवर्षं लपला. त्याच्या पोटात काय आहे याचा उलगडा सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनी केला, तो जानेवारी २०२१ मध्ये.

एक्स्पोर्टची जमेची बाजू अशी की तो वेगळी प्रत काढतो. खिडकीत उघडी असलेली मूळ फाइल तशीच राहते. नंतर बदल करायचे ते त्या मूळ फाइलमध्येच, म्हणून एक्स्पोर्टची प्रत तिच्यावर चढणार नाही असं वेगळं नाव द्यावं.