स्थानिक भागीदारीतून प्रजातीसंवर्धन (सातारा व सांगली जिल्हे)

दुर्मीळ होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या आणि त्यांच्या अधिवासांच्या रक्षणाचे काम त्याच भागातल्या गावसमित्या, छोट्या संस्था व अभ्यासक यांच्याकडे सोपवायचे आणि बाहेरून त्यांना पैसा, प्रशिक्षण, शास्त्रीय माहिती व कायद्याचे बळ पुरवायचे, अशी ही कार्यपद्धती आहे. ती सर्वमान्य व्हायला बराच काळ जावा लागला. ‘फॉना अँड फ्लोरा’ ही १९०३ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली संस्था सुरुवातीला ब्रिटिश साम्राज्यातील शिकारीची जनावरे टिकावीत म्हणून राखीव क्षेत्रांचा आग्रह धरत असे. तिथल्या रहिवाशांना त्या विचारात फारसे स्थान नव्हते. आज तीच संस्था बहुतेक देशांत स्थानिक संस्थांना हाताशी धरून काम करते. २००० साली सुरू झालेल्या ‘क्रिटिकल इकोसिस्टिम पार्टनरशिप फंड’ या निधीने २००८ ते २०१५ या काळात पश्चिम घाटातील संस्थांना अनुदाने दिली. त्यांच्या समन्वयाचे काम बंगळूरूच्या ‘एट्री’ या पर्यावरण-संशोधन संस्थेकडे होते. २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग व समुद्र राखण्याचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा स्थानिक समाजांच्या हक्कांचा उल्लेख त्याच कलमात करावा लागला.

भारतातली दोन उदाहरणे या पद्धतीचे मर्म दाखवतात. आसाममध्ये हरगिला हा मोठा करकोचा अपशकुनी मानला जाई आणि त्याच्या घरट्यांची झाडे तोडली जात. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांची संघटना उभारली, तेव्हा झाडे राहिली आणि पक्षीही वाढला. २०२३ मध्ये प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ गटातून ‘संकटसमीप’ गटात आली. हिमाचलातील स्पितीत हिमबिबट्या मेंढ्या-याक मारतो म्हणून किब्बर गावात पशुधन विमा सुरू झाला. तो गावच चालवते आणि हप्ता व भरपाई ठरवणारेही गावकरीच असतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा कामाला दोन अगदी वेगळ्या भूमी मिळतात. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा हा धो-धो पावसाचा घाटमाथा आहे, तर पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेतला माळ. त्यामुळे भागीदारही वेगळे: एकीकडे पठारावरचा शेतकरी, दुसरीकडे मेंढपाळ.

साताऱ्याच्या पश्चिमेचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. कोयना, चांदोली आणि राधानगरी हे त्याच गटातले शेजारी. कासवर जांभ्याच्या कातळावर मातीचा अगदी पातळ थर असतो. त्यातच सीतेची आसवे, तेरडा, सोनकी आणि दर सात वर्षांनी बहरणारी टोपली कारवी फुलते. वायतुरा ही १९८२ मध्ये शास्त्राला नव्याने कळलेली पाणवनस्पती तर नावातच सातारा घेऊन आली: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. ती संकटग्रस्त आहे. पावसाळ्यात कातळाच्या खळग्यात साचलेल्या उथळ पाण्यात तिचा तुरा वर येतो आणि बेचकीसारखे दोन फाटे फुटतात. पाणी आटले की खाली फक्त कंद उरतो, पुढच्या पावसाची वाट पाहत. एखाद्या खळग्यात गाडीचे चाक रुतले, तर तिथले सगळे कंद एका झटक्यात संपतात.

हंगामात दिवसाला हजारो पर्यटक येऊ लागल्यावर कास, कासाणी, आटाळी, एकीव अशा गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या एकत्र आल्या. प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाच्या पर्यटकांची कमाल मर्यादा या व्यवस्था वनविभागाच्या साथीने उभ्या राहिल्या. पायवाटेवर उभे राहून लोकांना फुलांत शिरण्यापासून अडवणारी मुले याच गावांतली असतात. शुल्कातून त्यांची मजुरी निघते. या व्यवस्थेचे मोल फार मोठे आहे. पठार राखले तर घरात पैसे येतात, हे गावाला थेट दिसते.

कासचा सर्वांत मोठा धडा मात्र कुंपणाचा आहे. गर्दी रोखायला पठाराला लोखंडी जाळी घातली गेली. गर्दी आवरली, पण गुरेही बाहेर राहिली. चराई थांबल्यावर गवत माजू लागले आणि बुटक्या फुलझाडांना जागा कमी पडू लागली, असे आधी गावकरी म्हणाले आणि मग वनस्पती-अभ्यासकही. शेवटी जाळी काढण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरे चारणाऱ्यांचे म्हणणे आराखडा आखतानाच ऐकले गेले असते, तर मधली वर्षे वाचली असती.

कासच्या दक्षिणेला चाळकेवाडीचे पठार पवनचक्क्यांसाठी ओळखले जाते. गळ्याखाली निळी-काळी-केशरी पिसाऱ्यासारखी झालर फुलवणारा सरडा, सारडा सुपर्बा, २०१६ मध्ये इथूनच नवी प्रजाती म्हणून वर्णिला गेला. त्याच पठारावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले, तर खाणारे कमी झाल्याने सरड्यांची दाटी वाढलेली दिसली. हरित ऊर्जेचा अधिवासावर असा साखळी परिणाम होतो, हे जगाला साताऱ्यातून कळले. अशा कामासाठी पठार पायाखालचे असलेली माणसे लागतात.

कोयना अभयारण्य (१९८५) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (२००४) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे ११६५ चौ. किमी आहे. १९६३ मध्ये हुंबर्लीजवळून वर्णिलेला कोयना टोड हा संकटग्रस्त बेडूकवर्गीय प्राणी याच टापूतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. हे सगळे सांगताना जंगलातून उठलेल्या गावांना विसरून चालणार नाही. आधी धरणाने आणि मग अभयारण्याने विस्थापित झालेल्या कुटुंबांना जमीन, पाणी आणि नागरी सुविधांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. श्रमिक मुक्ती दलाने ती लढवली. ज्याने घर-शेत सोडले, तो संवर्धनातला पहिला हक्कदार भागीदार ठरतो, आणि त्याचे पुनर्वसन पूर्ण होईपर्यंत बाकीची भागीदारी कच्ची राहते. जंगलाच्या कडेला उरलेल्या शिराळा-पाटणच्या गावांत गवे आणि रानडुकरे रात्रीत भात-ऊस तुडवून जातात. तिथे २०१५ पासूनच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गावसमित्यांमार्फत गॅसजोडणी, सौरकुंपण अशी मदत पोचते.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रेजवळचे सागरेश्वर अभयारण्य (१९८५, १०.८७ चौ. किमी) लोकांच्या इच्छाशक्तीतून घडले. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उघड्या डोंगरावर झाडे लावण्याचा ध्यास घेतला, गावे त्यात ओढली आणि मग सांबर, चितळ, काळवीट तिथे सोडले गेले. आता हरणे वाढून कुंपणाबाहेरच्या पिकांत उतरतात, तेव्हा यशाचा भारही आसपासच्या शेतकऱ्यांवरच येतो.

आटपाडीचे संवर्धन राखीव क्षेत्र (२०२३, ९.४८ चौ. किमी) आकाराने लहान असले तरी माळावरच्या लांडग्यासाठी मोलाचे आहे. सरकारी कागदांत असा माळ अनेकदा ‘पडीक’ ठरतो आणि पहिला बळी तोच जातो. इथे लांडगा आणि धनगर एकाच माळावर राहतात. रात्री मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, घालून कुत्री राखणीला ठेवायची ही रीत जुनीच आहे. तरी कोकरू जातेच. मग पंचनामा वेळेत झाला नाही, भरपाई लांबली, की लांडग्याविषयीचा राग साहजिकच वाढतो. मजबूत जाळी, राखणीची कुत्री आणि हातात लवकर पडणारी भरपाई यांवर थोडा पैसा खर्चला, तर एखाद्या मोठ्या प्रकल्पापेक्षा लांडग्याला त्याचा उपयोग जास्त.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. नोंदवह्या झाल्या, पण अनेक ठिकाणी त्या कपाटातच राहिल्या, कारण समितीला ना वार्षिक निधी मिळाला ना निर्णयाचा अधिकार. परदेशी अनुदानांचा दोषही याच जातीचा: दोन-तीन वर्षांची मुदत, इंग्रजीतले अहवाल, आणि मुदत संपताच राखणदाराचा पगार बंद. वायतुऱ्याच्या कंदाला आणि लांडग्याच्या पिलांना अशा मुदती नसतात. म्हणून अलीकडे काही दाते प्रकल्पाऐवजी संस्थेलाच दीर्घ मुदतीचा निधी देतात आणि हिशेब स्थानिक भाषेत स्वीकारतात.