चूक पदरात घेणं वेगळं, स्वतःला कोसत बसणं वेगळं

अपयश आलं की खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण त्यासाठीच शिकवली जाते. पण अंगणाला नावं ठेवणं थांबवल्यावर पुढे काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. मग पुष्कळ माणसं तेच खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतात आणि त्यालाच जबाबदारी घेणं समजतात. गल्लत होणं साहजिक आहे, कारण दोन्हीकडे तोंडी वाक्य एकच असतं: 'माझ्यामुळे झालं.'

समजा, एखादं काम ठरलेल्या तारखेला पूर्ण झालं नाही. एक जण म्हणते, "समोरून माहिती वेळेत आली नाही हे खरं, पण ती मागायला मीच शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबले. पुढच्या वेळी सुरुवातीलाच मागून घेईन." दुसरी म्हणते, "माझंच चुकलं. माझ्याच्यानं कुठलंच काम धड होत नाही." दुसरी जास्त नम्र वाटते, आणि तिला होणारा त्रासही खरा असतो. तरी नेमकं काय चुकलं, हे तिच्या बोलण्यात कुठेच नाही. माहिती उशिरा आली हेही त्यातून गेलं आणि ती उशिरा मागितली हेही गेलं. उरला फक्त स्वतःच्या स्वभावावर दिलेला निकाल, आणि अशा निकालात दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही.

मानसशास्त्रज्ञ रॉनी जानॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये हाच फरक मांडला: दोष आपल्या कृतीला देणं आणि दोष आपल्या स्वभावाला देणं. नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या विद्यार्थिनींची त्यांनी तुलना केली. कृतीला दोष देण्यात दोन्ही गट सारखेच होते. स्वभावाला दोष देणं मात्र नैराश्य असलेल्यांमध्ये जास्त होतं.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो मानसशास्त्रज्ञ जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेला निष्कर्ष. केलेल्या गोष्टीबद्दल अपराधी वाटणं आणि आपण माणूस म्हणूनच कमी आहोत अशी शरम वाटणं, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. ज्यांचा कल शरमेकडे, त्यांच्यात राग आणि दुसऱ्यावर दोष ढकलण्याची सवय जास्त आढळली. ज्यांना शरमेविना, फक्त कृतीबद्दल अपराधी वाटत होतं, त्यांच्यात ती कमी होती. म्हणजे स्वतःला कोसणं हे दुसऱ्याला दोष देण्याच्या विरुद्ध टोकाला नाहीच. ते त्याच्या अगदी शेजारी आहे. आपण आख्खेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे असू, तर तिथे फार वेळ थांबवत नाही. सुटायला दुसरा कोणीतरी लागतो. रात्रभर स्वतःला बोल लावणारा माणूस सकाळी घरच्यांवर किंवा सहकाऱ्यांवर का खेकसतो, याचं कोडं मला इथे सुटतं.

चुकीपेक्षा माणसावर निकाल लागण्याची भीती मोठी झाली की चूकच लपवली जाते. विमान वाहतुकीने हे ओळखलं आहे. अमेरिकेत १९७६ पासून 'नासा' एक गोपनीय नोंदव्यवस्था चालवते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक स्वतःच्या चुका तिथे कळवतात. नकळत झालेली चूक मुदतीत कळवली तर सहसा दंड होत नाही. त्या नोंदींतून धोक्याच्या जागा सगळ्यांना कळतात.

स्वतःशी इतकं मऊ वागलं तर ढिलाई येईल, ही शंका प्रामाणिक आहे. पण कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर झालेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उलटं सांगतो. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या तयारीत चालढकल कमी केली. माफ करायला आधी 'मी चालढकल केली' हे मान्य करावं लागतं, हे मात्र विसरू नये.

आणि सगळंच आपल्या पदरात ओढून घ्यायचं नसतं. आजार, भेदभाव, कोणी केलेली हिंसा यांची जबाबदारी सोसणाऱ्याची नाही, आणि जो ती त्याच्यावर टाकतो तो क्रूरपणा करतो. तिथे जबाबदाराचं नाव घेणं म्हणजे खापर फोडणं नव्हे. आपला वाटा जेवढा आहे तेवढाच मोजायचा, कमी नाही आणि जास्तही नाही.

आपण यातलं काय करतोय, हे माफी मागताना चटकन ओळखता येतं. "मी किती वाईट आहे, तू मला कधीच माफ करू नकोस" असं म्हटलं की ज्याला दुखावलं त्यालाच आपली समजूत घालावी लागते. त्याचं दुखणं बाजूला राहतं आणि पुन्हा सगळं आपल्याभोवती फिरू लागतं. त्याऐवजी "तुझी गोष्ट मी परवानगीशिवाय सगळ्यांसमोर सांगितली, तुला अवघडल्यासारखं झालं. ज्यांना सांगितली त्यांच्याशी मी आजच बोलतो," असं म्हटलं तर समोरच्याला रागवायला जागा उरते, आणि आपल्याला करायला काम.