टेक्सासमधील जायबंदी सैनिकांची घरपट्टी: माफी राज्याची, झळ गावाला

टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही. डॅलस-ह्यूस्टनकडची मराठी मंडळी हे कौतुकाने सांगतात आणि जानेवारीअखेर घरपट्टी भरताना गप्प होतात. शाळा, शहर, काउंटी, सगळ्यांचा गाडा बराचसा याच पट्टीवर चालतो. त्यामुळे तिथे कुणालाही घरपट्टी माफ केली की खड्डा स्थानिक तिजोरीत पडतो.

जायबंदी सैनिकांच्या सवलतीचे मूळ 1972 च्या घटनादुरुस्तीत आहे. व्हिएतनाम युद्ध तेव्हा सरत आले होते. अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार मालमत्तेच्या करपात्र किमतीतून ठरावीक रक्कम वजा होते. सध्या 10 टक्क्यांना 5,000 डॉलर, 70 टक्क्यांपासून पुढे 12,000. पण ही वजावट किमतीतली, कराच्या बिलातली नव्हे. कराचा दर दोन टक्के धरला तर 12,000 ची सूट म्हणजे वर्षाला जेमतेम 240 डॉलर.

खरा बदल 2007 मध्ये झाला. मतदारांनी संपूर्ण माफीची वाट मोकळी केली आणि 2009 च्या कायद्याने ती अमलात आली. 100 टक्के अपंगत्व असेल, किंवा दुखापतींमुळे नोकरीच करता येत नाही असे केंद्राच्या माजी सैनिक खात्याने ठरवले असेल, तर राहत्या घराची पट्टी शून्य. 90 टक्केवाला मात्र त्याच 12,000 वर. एका पायरीचा हा फरक मला कधीच पटलेला नाही, त्यात टक्क्यांची बेरीजही सरळ नाही. गुडघ्याचे 50 आणि कानाचे 30 मिळून 80 होत नाहीत. उरलेल्या 50 चे 30 टक्के म्हणजे 15 मिळवून 65, आणि जवळच्या दहाच्या पटीत 70. टक्केवारी वर चढताना प्रत्येक नवी दुखापत कमी मोजली जाते.

पतीच्या किंवा पत्नीच्या मागे ही माफी जोडीदाराकडे राहावी, अशी दुरुस्ती 2011 मध्ये झाली. पण ही संपूर्ण माफी लागू होण्याआधीच निधन झालेल्यांचे जोडीदार 2015 पर्यंत बाहेरच राहिले.

एव्हाना फोर्ट हूड या लष्करी छावणीशेजारच्या किलीन आणि कॉपरस कोव्ह या शहरांना झळ बसू लागली होती. निवृत्तीनंतर सैनिक छावणीजवळच घर घेतात, कारण लष्करी दवाखाना, स्वस्त दुकान आणि ओळखीपाळखी तिथेच. आपल्याकडे 2020 मध्ये महाराष्ट्राने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. इथे अपंगत्वाची अट नाही, पण बुडणारा महसूल इथेही स्थानिक संस्थेचाच.

टेक्सासने 2015 मध्ये यावर तोड काढली. या माफीमुळे ज्यांच्या सर्वसाधारण निधीतले दोन टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न बुडते, अशा छावणीलगतच्या शहर-काउंटींना राज्य भरपाई देते. अर्थसंकल्पातली तरतूद अपुरी पडली, तर प्रत्येकाची भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते.