घोंगडी

घोंगडी म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या मेंढ्यांच्या जाड्याभरड्या लोकरीचं, हाताने कातलेलं आणि हातमागावर विणलेलं पांघरूण. महाराष्ट्रात धनगर आणि सनगर या दोन समाजांशी ती मुख्यतः जोडली जाते, कर्नाटकात कुरुबांशी आणि तेलंगणात कुरुमांशी. पांघरायला, अंथरायला, पावसात डोक्यावरून घ्यायला, देवाच्या आसनाला असे तिचे उपयोग सगळ्यांना माहीतच आहेत. एक गोंधळ मात्र आधीच सांगून टाकलेला बरा. घोंगडी हे स्त्रीलिंगी एकवचन आहे आणि घोंगडं या नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचनही घोंगडीच होतं, त्यामुळे जुन्या कागदात 'घोंगडी' दिसली की एक की अनेक हे क्रियापद बघूनच ठरवावं लागतं. साधारणपणे घोंगडं म्हटलं की जाड, रोजच्या वापरातलं, आणि घोंगडी म्हटलं की त्यातल्या त्यात नीटस, पण हा फरक सगळीकडे पाळतात असं नाही. कांबळं हा दुसरा शब्द जवळपास त्याच वस्तूला वापरतात.

शब्द कुठून आला यावर एकमत नाही. कांबळ्याचं सोपं आहे, संस्कृत कंबल, आणि तो शब्द अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातल्या विवाहसूक्तात आलाय म्हणजे चांगलाच जुना. पण कंबल हा शब्द मुळात संस्कृतचाच की बाहेरून आलेला यावर भाषाशास्त्रज्ञ भांडतात, काहींनी तो ऑस्ट्रोएशियाटिक (मुंडा, ख्मेर यांच्या कुळातल्या) भाषांमधून आला असावा असं मांडलंय. घोंगडीचं जास्त अवघड आहे. तेलुगूत हीच वस्तू गोंगडी किंवा गोंगळी आहे, कन्नडमध्ये मात्र कंबळी. म्हणजे मराठी या दोघांच्या मधे बसून दोन्ही शब्द वापरते. तेलुगू शब्द तिथे चांगला मुरलेला आहे, केसाळ सुरवंटाला तिकडे गोंगळीपुरुगू म्हणजे घोंगडीकिडा म्हणतात (कन्नडमध्येही सुरवंट कंबळीहुळूच आहे, कल्पना तीच), आणि इतका मुरलेला शब्द मराठीतून उसना गेला असेल असं मानणं जरा जड जातं, म्हणून शब्द दख्खनी द्रविड बाजूने मराठीत आला हे मत जास्त पटण्यासारखं आहे. घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतात म्हणून तिला घुंगटाशी जोडायचा मोह होतो, पण घुंगटाचं मूळ अवगुंठन असं धरतात आणि तिथून घोंगडीपर्यंत यायला ध्वनींची बरीच ओढाताण करावी लागते.

प्राचीनत्वाबद्दल सावधच राहायला हवं. नेवासे, चांदोली, इनामगाव अशा ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या उत्खननांनी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या दख्खनच्या गावजीवनावर बराच प्रकाश टाकलाय, शेळ्या-मेंढ्यांची हाडंही मिळालीत. म्हणून काही लोक घोंगडीला थेट साडेतीन हजार वर्षांची करून टाकतात. पण हाडं म्हणजे मेंढी, मेंढी म्हणजे लोकर असं होत नाही, मांसासाठी पाळलेल्या मेंढीचीही हाडं तशीच असतात, आणि नेवासे-चांदोलीला धाग्यांचे जे अवशेष मिळाले ते कापूस, रेशीम आणि अळशीचे म्हणून ओळखले गेलेत, लोकरीचे नाहीत. अर्थात आपल्या मातीत-हवेत लोकर टिकणंच अवघड, त्यामुळे नाही मिळाली म्हणजे नव्हतीच असंही नाही. साहित्यात बुद्धाच्या काळचा अजित केशकंबली हा नास्तिक मताचा आचार्य आहे, नावातच कंबल असलेला, पण तो केसांचा कंबल, लोकरीचा म्हणायचा की नाही हा पुन्हा वाद. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात लोकरी कापडांची मोठी यादी येते आणि त्यात नेपाळकडून येणारी 'भिंगिसी' नावाची काळी, आठ तुकडे जोडून केलेली, पाऊस अडवणारी कांबळी आहे. काळी आणि पावसाची, हे वाचून आपल्या घोंगडीची आठवण होणारच, पण ती हिमालयाकडची, आणि अर्थशास्त्राचं आजचं रूप मौर्यकाळातलंच की नंतरच्या शतकांतलं हेही ठरलेलं नाही (नंतरचं मानणारे आता जास्त आहेत).

आता लोकर. दख्खनी मेंढीच्या महाराष्ट्रात लोणंद, संगमनेरी, सोलापुरी किंवा सांगोला आणि कोल्हापुरी अशा उपजाती सांगतात. ही कोरड्या माळावर चालत चरणारी मेंढी, वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते, तीही दोन कातरणीत मिळून. तंतूची जाडी सरासरी ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे बारीक लोकरीच्या मेरिनो मेंढीच्या दुपटीहून जास्त, आणि बहुतेक तंतू आतून पोकळ, लोकरीपेक्षा केसाच्या जवळचे. लोकरीच्या बाजाराच्या भाषेत हा हलका माल, गालिचासुद्धा चांगला व्हायचा नाही अशातला. पण घोंगडी टोचते म्हणून ती वाईट लोकरीची, असं जे शहरात समजतात ते उलटं आहे. मऊ बारीक लोकरीची घोंगडी काट्याकुट्यात एक हंगाम टिकणार नाही, भिजली की अंगाला चिकटेल. जाड केसाळ तंतू ताठ उभा राहतो, कापड अंगापासून थोडं सुटं राहतं आणि मधे हवा धरली जाते. कोकरांची पहिली लोकर, जावळ, ती मात्र मऊ असते, जावळाची घोंगडी सगळ्यात उंची मानतात आणि ती अर्थातच कमी निघते, कारण जावळ एकदाच मिळतं.

एका घोंगडीला अडीच-तीन किलो लोकर लागते असं धरलं आणि एका मेंढीची एक कातरणी पाव किलो धरली तर दहा-बारा मेंढरं एका घोंगडीमागे येतात, साफसफाईत जाणारा कचरा, काटे, गोचडी वेगळीच. म्हणजे स्वतःच्या कळपाच्या लोकरीतून घरातल्या प्रत्येकाला घोंगडी, हे मोठा कळप असलेल्यालाच जमायचं. कातरणीआधी मेंढरं नदीत किंवा ओढ्यात धुतात, मग पाय बांधून आडवी पाडतात आणि लोखंडी कातरीने कातरतात. रंग तिथेच वेगळे काढतात, काळा, पांढरा, करडा, तपकिरी, कारण पुढे रंगवणं जवळजवळ नसतंच, पट्टे आणि किनारी मेंढीच्याच रंगात निघतात. निखळ काळ्याला मान जास्त.

मग लोकर हाताने मोकळी करायची, पिंजायची, पेळू म्हणजे वळलेल्या वाती करायच्या, आणि चरखा किंवा चातीवर (हातातली टकळी) कातायची. कातणं बहुतेक बायकांचं काम, चाती मात्र मेंढरामागे चालता चालता पुरुषही फिरवतात. हाताने कातण्याला विणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, एक माग चालू ठेवायचा तर तीन-चार जणी कातणाऱ्या हव्यात. घोंगडीच्या किमतीचं गणित तिथेच अडतं आणि भाव करताना लोक फक्त माग बघतात.

विणणाराची ओळख हा जुन्या जातिवर्णनांमधला आवडता विषय. धनगरांमधले खुटेकर हे खुटे रोवून ताणा (उभे धागे) ताणायचे म्हणून खुटेकर, अशी फोड सांगतात. सनगर मात्र स्वतःला वेगळा समाज मानतात, मेंढ्या न पाळता विणकामावर जगणारा, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पट्ट्यात विणकाम मुख्यतः त्यांच्याच हातात राहिलं. सनगर हे मूळचे धनगरांतूनच फुटले की कर्नाटकाकडून आले हे दोन्ही बाजूंनी बोललं जातं. १८८० च्या दशकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी त्यांना वेगळं धरून वर्णन केलंय, पण जनगणनेच्या हिशोबासाठी इंग्रजांना सगळेच समाज सुटे सुटे करून हवे होते हे लक्षात ठेवूनच ते वाचावं. प्रत्यक्षात व्यवहार असा की धनगर लोकर द्यायचा आणि सनगर मजुरी किंवा लोकरीचा वाटा घेऊन घोंगडी परत द्यायचा, म्हणजे आपल्याच मेंढरांची घोंगडी पण दुसऱ्याच्या मागावरची. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड या बाजाराचं जुनं ठिकाण. कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यातलं चळ्ळकेरे कंबळीसाठी तसंच प्रसिद्ध आहे.

तांत्रिक बाजूत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खळ, म्हणजे धाग्याला लावायची चिकट पेज. एकपदरी केसाळ सूत मागावर चढवलं तर शेजारच्या धाग्यात अडकून पिंजतं आणि तुटतं, म्हणून ताणा जमिनीलगत लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून वाटायचं, पाण्यात शिजवून चिकट लापशी करायची आणि कुंच्याने ताण्यावर सारखी ओढत न्यायची, म्हणजे बाहेर आलेले केस धाग्याला चिकटून बसतात. चिंचोक्याच्या गरात पिष्टापेक्षा वेगळी एक चिकट शर्करासाखळी असते, झायलोग्लुकॅन, ज्यूटच्या गिरण्यांतही चिंचोक्याची पूड याच कामाला वापरतात, त्यामुळे सनगरांचा जुना उपाय चांगलाच शास्त्रशुद्ध निघाला. मग ताणा मागावर घेऊन, कुठे खड्डामागावर तर कुठे जमिनीवर खुटे रोवून केलेल्या साध्या मागावर, आडवा बाणा घालत लाकडी पट्टीने ठोकत विणतात. विणून झाल्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा खळ चोळतात आणि घोंगडी ताणून वाळवतात, म्हणून नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक येते. नवीन माणूस ती बघून फसवणूक झाली समजतो. वापरून, झटकून, एक-दोन पावसाळे काढून ती नरम पडते. टोकांना सुटे राहिलेले ताण्याचे धागे म्हणजे दशा, त्या वळून गाठवतात.

जेन किंवा जान ही वेगळी वस्तू, पण तिचा घोंगडीशी नेहमी घोळ होतो. जेन विणलेलीच नसते, पिंजारी लोक लोकरीचे थर पसरून, पाणी मारून, गुंडाळून पायाने तुडवून ती घट्ट बसवतात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ओलावा आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत.

घोंगडी पाऊस कशी अडवते याचं नेहमीचं उत्तर म्हणजे लोकरीतलं तेल. हे उत्तर अर्धंच वाटतं. दख्खनी मेंढीसारख्या केसाळ लोकरीत मेरिनोच्या मानाने तेल फार कमी, त्यातलं काही धुण्यात जातं. जास्त वाटा जाड विणीचा आणि ताठ केसांचा असावा, थेंब केसावरून घरंगळतो, आणि तिरक्या खोळीवरून खाली जातो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही आणि ओलावा पिताना थोडी ऊब सोडते, त्यामुळे भिजूनही गारठत नाही. दिवसभराच्या मुसळधार पावसात मात्र घोंगडी भिजतेच, आणि मग ती इतकी जड होते की उचलवत नाही.

'भिजत घोंगडं' हा वाक्प्रचार इथूनच आला असावा, पावसाळ्यात ओलं घोंगडं चार दिवस वाळत नाही, गुंडाळून ठेवता येत नाही आणि वापरताही येत नाही, तसं रखडलेलं काम. दुसरं एक स्पष्टीकरण सांगतात की विणल्यावर घोंगडं खळीत भिजत घालतात त्यावरून तो आला. पण खळ चोळून लगेच ताणून वाळवायची असते, भिजत ठेवली तर आंबून वास मारेल, म्हणून पहिलं स्पष्टीकरण बरं. 'तुझं काय घोंगडं अडकलंय' यातलं घोंगडं बहुधा काटेरी कुंपणात अडकलेलं. गावातल्या अनौपचारिक सभेला घोंगडी बैठक म्हणतात, निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द आता सतत दिसतो, खाली सतरंजी असली तरी.

धार्मिक वापरात घोंगडी बिरोबा, खंडोबा यांच्या पूजेत अंथरतात, त्यावर देव किंवा कलश मांडतात. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. धनगरांच्या दैवतांवर जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी केलेलं काम इथे पायाभूत आहे. गंमत म्हणजे सोवळ्यातली धाबळीही लोकरीचीच, लोकरीला विटाळ नाही या समजुतीने, आणि दत्तसंप्रदायात पारायणाला पांढरी घोंगडी घेतात. घोंगडीवर झोपल्याने पाठदुखी जाते, साप जवळ येत नाही, रक्तदाब उतरतो वगैरे जे विक्रीच्या जाहिरातीत येतं त्याला आधार नाही.

गेल्या काही दशकांत लोकरीला भाव राहिला नाही, कातरणीची मजुरीच लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते आणि लोकर टाकून द्यायची वेळ येते. पावसाला प्लॅस्टिकचा कागद आला, थंडीला पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली. मेंढपाळाचं उत्पन्न आता मुख्यतः मांसाचं, म्हणून सांगलीच्या जत भागातल्या उंच, कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढीला मागणी वाढली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणलं तेही कोकरांसाठी. १९७८ साली स्थापन झालेलं राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यात आहे, आज ते अहिल्यादेवींच्या नावाने ओळखलं जातं.

बाजारात घोंगडी म्हणून मिळणाऱ्या मालात आता मिलचं सूत आणि ॲक्रिलिकची भेसळ बरीच असते. दशीचा एक धागा काढून जाळून बघावा, लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते.