हातांची मज्जासंस्थीय तपासणी

खांद्यापासून बोटांपर्यंतचे स्नायू, रिफ्लेक्स (ठोक्याला स्नायूने आपोआप दिलेला झटका), संवेदना आणि हालचालींतला ताळमेळ पाहून बिघाड मेंदूत आहे, मानेतल्या मज्जारज्जूत आहे, मज्जातंतूच्या मुळाशी आहे, की खुद्द मज्जातंतूत वा स्नायूत, हे ठरवण्याची पद्धत. निरीक्षण, स्नायूंचा ताण, ताकद, रिफ्लेक्स, संवेदना आणि शेवटी समन्वय, हा क्रम रूढ आहे. ताकद समन्वयाआधी पाहतात. कारण अशक्त हातही नाकाकडे नेताना डगमगतो आणि हालचालींचा ताळमेळ राखणाऱ्या लहान मेंदूचा विकार असल्याचा भास होतो.

सूचना रुग्णाला कळली नाही तर तपासणी फसते. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाचे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘एमवाय’चे, उदाहरण घ्या. वॉर्डातली बोली हिंदी आणि माळवी. पक्षाघातानंतर मराठी घरातल्या आजोबांना हिंदी सूचना उमगली नाही, तर न उचललेला हात अशक्त म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो. म्हणून सूचना मराठीत द्यावी आणि कृती स्वतः करून दाखवावी.

निरीक्षणासाठी दोन्ही हात खांद्यापर्यंत उघडे हवेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला पंजाच्या पाठीवरचा उंचवटा आधी पाहावा. तिथला खळगा स्नायू झिजल्याची लवकर दिसणारी खूण आहे. स्नायूंची बारीक फडफड शोधायची तर हात सैल सोडवून निदान मिनिटभर पाहत राहावे लागते. थंडीची थरथर फसवते. फवारणीनंतर आणलेल्या शेतकऱ्यात हीच फडफड कीटकनाशकाच्या विषबाधेचीही असू शकते.

त्यानंतर हात समोर लांब, तळवे वर, डोळे मिटलेले. या स्थितीत २० ते ३० सेकंद थांबावे. घाईत पाच सेकंदांत उरकले तर सौम्य दोष निसटतो. मेंदूकडून येणारा मार्ग दुखावला असेल तर तळवा आधी आतल्या बाजूला वळतो, मग कोपर वाकते, हात खाली येतो. तळवा न वळता हात नुसता खाली पडला, तर हे कारण मानण्यापूर्वी पुन्हा तपासावे. स्नायूंचा ताण पाहताना मनगट धरून हात झटकन उताणा करावा. मध्येच अडखळल्यासारखे झाले तर तो मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या विकारातला ताण, कारण तो वेगाबरोबर वाढतो. पार्किन्सनमधला ताठपणा सावकाश हालचालीतही तितकाच राहतो. तो दबलेला असेल तर दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगितल्यावर जाणवतो.

ताकद ० (हालचाल मुळीच नाही) ते ५ (पूर्ण ताकद) अशी मोजतात. ही श्रेणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९४३ च्या युद्धकालीन पुस्तिकेमुळे रूढ झाली. त्याआधी बोस्टनचे अस्थितज्ज्ञ लव्हेट यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी तशीच मोजणी वापरली होती, त्यामुळे कल्पनेचे मूळ अमेरिकेकडे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दोष असा, की ४ या एकाच आकड्यात किंचित ते बऱ्याच अशक्तपणापर्यंत सर्व मावते. दुखण्यामुळे जोर न लावणे वेगळे नोंदवावे.

मनगट लुळे पडले असता खरी कसोटी लागते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवणाऱ्या रेडियल मज्जातंतूला दंडात दाब बसला तर ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा स्नायू) सहसा शाबूत राहतो, ब्रेकिओरेडियालिस (कोपर वाकवणारा अग्रबाहूचा स्नायू) जातो. सी७ मुळाच्या (मानेतल्या सातव्या मज्जातंतूच्या मुळाच्या) विकारात नेमके उलट, शिवाय मनगट तळव्याकडे वाकवणेही क्षीण होते. मेंदूच्या लहानशा पक्षाघातातही मनगट लोंबते, पण घट्ट मूठ आवळायला सांगितल्यावर ते आपोआप वर उचलले जाते. लुळ्या मनगटावर बोटे फाकवण्याची ताकद पाहणे ही नेहमीची चूक. मनगट वाकलेले असताना ते स्नायू जोर धरत नाहीत आणि करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूवर खोटा ठपका येतो. पंजा टेबलावर सपाट टेकवूनच ती पाहावी.

करंगळी बधिर असेल तर अल्नर की सी८-टी१ मूळ (मानेतले आठवे व छातीतले पहिले), हा प्रश्न. अल्नरमध्ये बधिरता अनामिकेला मधोमध विभागते आणि मनगटाच्या फार वर जात नाही. मुळाच्या विकारात ती आतल्या बाजूने अग्रबाहूवर चढते, अंगठा तळव्यापासून वर उचलणेही क्षीण होते. आपल्याकडे कोपरामागे अल्नर जाड लागतो का हे बोटांनी चाचपल्याशिवाय तपासणी पुरी मानू नये: कुष्ठरोगात वेदना व उष्ण-थंडाची जाण जाते, रिफ्लेक्स मात्र बहुधा टिकतात. टोचण्यासाठी साधी टाचणी, एकदाच वापरायची. इंजेक्शनची सुई कातडी कापते.

बायसेप्स (दंडाच्या पुढचा स्नायू) व सुपिनेटर (मनगटाजवळच्या ठोक्याचा) रिफ्लेक्स सी५-सी६ चे, ट्रायसेप्सचा मुख्यतः सी७ चा. मनगटाजवळ ठोका दिल्यावर अपेक्षित स्नायू गप्प राहून बोटेच मिटली, तर बिघाड मज्जारज्जूच्या सी५-सी६ पातळीवर समजतात. ही खूण फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१० मध्ये वर्णिली. मधल्या बोटाचे नख टिचकीने खाली झटकल्यावर अंगठा मिटणे म्हणजे हॉफमन खूण. हायडेलबर्गच्या योहान हॉफमन यांनी ती स्वतः छापली नव्हती. त्यांचे सहायक कुर्शमन यांनी १९११ च्या सुमारास तिचे वर्णन करून श्रेय गुरूंना दिले. बोट तळव्याच्या बाजूने टिचकवण्याची पद्धत त्याच काळात जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ ट्रोम्नर यांनी मांडली, आणि दोन्ही नावांची सरमिसळ पुढे होत राहिली. कुर्शमन यांची साक्ष ग्राह्य धरावी असे वाटते. नाव कोणाचेही असो, निरोगी माणसातही ही खूण कधी कधी दिसते. एकाच बाजूला असेल तर तिला वजन आहे.

तरुण मुलाच्या एकाच हाताचा पंजा व अग्रबाहू झिजत असून ब्रेकिओरेडियालिस भरलेला असेल आणि थंडीत बोटे अधिक अडत असतील, तर हिरायामा विकार मनात आणावा. जपानमधून १९५९ मध्ये त्याचे वर्णन झाले. अशा रुग्णाचा एमआरआय मान पुढे वाकवूनही काढावा लागतो. सरळ मानेच्या चित्रात मज्जारज्जूवरचा दाब दिसत नाही.